सेला

सेला हा बायबलमधील हिब्रू स्तोत्रांत मधूनमधून, मजकुरापासून सुटा येणारा एक शब्द आहे. ख्रिस्ती उपासनेत ‘थांबा आणि मनन करा’ अशी सूचना म्हणून तो ओळखला जातो. बायबलच्या जुन्या करारात तो ७४ वेळा येतो. त्यांपैकी ७१ वेळा स्तोत्रसंहितेतील ३९ स्तोत्रांत आणि तीन वेळा हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात. मराठी बायबलमध्ये त्याचे भाषांतर न करता तो ‘सेला’ असाच छापला जातो.

त्याचा मूळ अर्थ निश्चित झालेला नाही. ‘उचलणे’ या अर्थाच्या हिब्रू धातूवरून तो आला असे मानले, तर स्वर चढवण्याची किंवा वाद्ये वाजवण्याची ती खूण ठरते. सेला असलेल्या स्तोत्रांपैकी ३१ स्तोत्रांच्या शीर्षकात मुख्य गवयाचा उल्लेख आहे आणि हबक्कूकाच्या त्या अध्यायाच्या शेवटीही मुख्य गवई व तंतुवाद्ये यांचा निर्देश येतो. त्यामुळे हा शब्द गायकवादकांसाठी होता, एवढे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘डायाप्साल्मा’, म्हणजे गायनातील मधली जागा, हा शब्द योजला, तर हिब्रूवरून लॅटिन भाषांतर करताना जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने ‘सदैव’ हा अर्थ घेतला. ज्यू प्रार्थनांतही तो ‘सर्वकाळ’ या अर्थाने उच्चारला जातो. न्यिसाचा बिशप ग्रेगरी याने चौथ्या शतकात मांडलेला विचार मात्र मननाच्या अर्थाला सर्वांत जवळचा आहे : स्तोत्रकर्ता गाता गाता थांबतो, तो पवित्र आत्म्याचे शिक्षण ग्रहण करण्यासाठी.

हा अर्थ किती चपखल बसतो, ते ३२व्या स्तोत्रात दिसते. पाप मनात दडपून गप्प राहिल्यामुळे आपली हाडे झिजली, उन्हाळ्याच्या तापाने सुकावे तसा आपल्यातला ओलावा आटला, असे कवी सांगतो आणि चौथ्या वचनाशेवटी सेला येतो. पुढच्याच वचनात तो पाप कबूल करतो, त्याला क्षमा मिळते आणि पुन्हा सेला येतो. तिसरा सेला सातव्या वचनानंतर आहे, जिथे देव त्याला मुक्तीच्या गीतांनी वेढतो. पहिल्या सेलाच्या आधीचे मौन हे लपवण्याचे मौन आहे. गाणारी मंडळी तिथे क्षणभर थांबली, तर ते मौन कबुलीच्या तयारीचे होते. स्तोत्राचा सारा प्रवास या दोन मौनांमधला आहे आणि घाईने वाचणाऱ्याच्या तो हाती लागत नाही.

तरीही हा अर्थ सर्वत्र लावता येत नाही. ६८व्या स्तोत्राच्या सातव्या वचनात देव रानातून कूच करीत असल्याचे सांगताना, वाक्य पुरे होण्याआधीच सेला येतो आणि पृथ्वी कंपायमान झाल्याचा उल्लेख त्यानंतर, आठव्या वचनात आहे. इथे चिंतनापेक्षा वाद्यांचा गजर अधिक शोभतो. तिसऱ्या, चोविसाव्या आणि शेहेचाळिसाव्या स्तोत्रांत तो अगदी शेवटी आहे. शेहेचाळिसाव्यात मात्र, शांत राहून देवाला ओळखण्याचे आवाहन दहाव्या वचनात असल्याने, शेवटचा सेला त्या आवाहनाचे पालन करण्यासाठी ठेवल्यासारखा वाटतो. मननाचा अर्थ व्याकरणाने सिद्ध होत नसला, तरी अशा जागांनी तो कमावलेला आहे.

शब्द मुका राहिला, पण थांबण्याची रीत ख्रिस्ती उपासनेत वेगवेगळ्या मार्गांनी टिकली. मठांमध्ये स्तोत्रे म्हणताना प्रत्येक वचनाच्या मध्यावर एक श्वास थांबून दुसरा अर्धा भाग उचलण्याची पद्धत आहे. दगडी भिंतींवरून पहिल्या अर्ध्या भागाचा नाद विरू दिल्यावरच पुढचा सूर लागतो. रोमन कॅथलिक दैनिक प्रार्थनाविधीत स्तोत्रानंतर मौन पाळण्यास मुभा आहे. फ्रान्समधील तेझे येथे १९४० मध्ये सुरू झालेल्या समुदायाच्या उपासनेत, छोटी गीते पुन्हा पुन्हा गाण्याबरोबरच मध्यभागी बराच वेळ सामूहिक मौन राखले जाते.

स्तोत्र मोठ्याने वाचताना ‘सेला’ हा शब्द उच्चारावा की गाळावा, याचा सर्वमान्य नियम नाही. पाळक आणि मंडळी आळीपाळीने वचने वाचत असतील, तर तो न उच्चारता तिथे दोन श्वास थांबणे अधिक योग्य, कारण उच्चारलेला ‘सेला’ ऐकणाऱ्याला स्तोत्रातलाच एक अनोळखी शब्द वाटतो आणि थांबण्याची जागा त्यातच भरून जाते.