फर्नलीफ लव्हेंडर नेलंत? पाणी घालायच्या आधी हे वाचा

दुकानात रोज ऐकू येतं, "लव्हेंडर वाळतंय हो, पाणी तर रोज घालतो." अहो, रोज घालता म्हणूनच जातंय ते.

फोटोत जांभळी शेतं दिसतात, आपल्याकडे जम्मूतल्या भदरवाहला वगैरे, ते लव्हेंडर वेगळं. त्याला कडक थंडी लागते, इंदूरात ते धड फुलत नाही म्हणून आम्ही ठेवतच नाही. हे फर्नलीफ म्हणजे लॅव्हेंड्युला मल्टिफिडा, मूळचं स्पेन-मोरोक्कोकडचं, पानं बारीक चिरलेली, करडट हिरवी, आणि थंडी नाही मिळाली तरी निळी-जांभळी फुलं येतात. वास मात्र ओरेगॅनोकडे झुकणारा. साबणाचा तो गोड वास हवा असेल तर हे घेऊ नका, विकतानाच सांगतो.

आता मुख्य गोष्ट. झाडाने मान टाकली की आपण आधी पाण्याचा मग उचलतो आणि तिथेच घात होतो, कारण पाणी जास्त झालं की मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, मग वरून झाड तहानलेलंच दिसतं आणि आपण अजून ओततो. म्हणून बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओलसर लागलं तर पाणी नाही, मे महिना असला तरी नाही. कोरडं असेल तर भरपूर घाला, खालून वाहू द्या. कुंडीखालची ताटली कृपा करून काढा.

दुसरं, घरी नेल्यावर बागेतली काळी माती भरू नका. मालव्याची काळी माती गहू-सोयाबीनला उत्तमच, पण कुंडीत ती पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही. बोरिंगचं जड पाणी चालतं, ह्याला थोडी चुन्याची माती आवडतेच. आम्ही मुरूम, जाडी रेती आणि अगदी थोडं गांडूळखत असं मिक्स करून मातीच्याच कुंडीत देतो, म्हणून आमचं रोप प्लास्टिकच्या पिशवीतल्या रोपापेक्षा महाग पडतं. काही जण म्हणतात रेतीचे पैसे घेता, पण ती रेतीच झाड जगवते. शेणखत, डीएपीसारखं रासायनिक खत नको, नुसती पानं वाढतात आणि फांद्या लुळ्या पडतात.

ऊन निदान सहा तास हवं, ऐन उन्हाळ्यात दुपारी हिरवी नेट लावली तरी चालेल. पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्या, पण उजेडात. जून ते सप्टेंबर आम्ही हे रोप विकत नाही, मागितलं तरी नाही, आणि काळ्या मातीत लावून पावसात मेलेलं रोप बदलूनही देत नाही. फुलं संपली की हिरव्या भागातच छाटा, खालच्या जुन्या लाकडात कात्री घालू नका, तिथून सहसा फुटत नाही.

आमच्याकडचं रोप असो नाहीतर दुसरीकडचं, शंका असेल तर कुंडीसकट घेऊन या, मुळं बघून सांगतो, त्याचे पैसे नाहीत. तयार मिक्स सुट्टं पण मिळतं, नवीन रोपं ऑक्टोबरात येतात, हवी असतील तर नाव लिहून ठेवा.