नार्कोत माणूस खरंच बोलतो?

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात मी ‘पोलिसांच्या मशिनींवर रिपोर्ट लिहिणारा’ म्हणून ओळखला जातो. काम खरं तर गुन्हे तपासातल्या तंत्रज्ञानाच्या धोरणांचं. पण बडोद्यात एवढं कोण ऐकून घेतंय! परवा शेजारचे काका म्हणाले, “अरे, आरोपीला गांधीनगरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत न्या, नार्कोचं एक इंजेक्शन द्या, पोपटासारखा बोलेल.”

बोलेल, हे खरं. खरं तेच बोलेल, हे मात्र नाही.

नार्को चाचणीत सोडियम पेंटोथालसारखं गुंगीचं औषध शिरेतून हळूहळू देतात. त्यानं जिभेवरचा ताबा सुटतो; सत्य आपोआप बाहेर येत नाही. अर्धवट शुद्धीतला माणूस खोटं बोलू शकतो, कल्पना आणि आठवण यांची सरमिसळ करतो आणि विचारणाऱ्यानं सुचवलेलंच ‘आठवून’ सांगतो. मला हे शेवटचं सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण तपास अधिकाऱ्याचा संशयच आरोपीच्या तोंडून परत येतो.

कायदाही काकांच्या बाजूनं नाही. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१० रोजी सांगितलं, की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ (खोटं पकडायची मशीन) किंवा ब्रेन मॅपिंग (मेंदूतल्या लहरींची चाचणी) करता येणार नाही. घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे कुठल्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. संमती द्यायची तीही दंडाधिकाऱ्यासमोर. त्यानंतरही नार्कोतलं बोलणं हा पुरावा नव्हे. त्या माहितीवरून पुढे सुरा, मोबाइल असं काही सापडलं, तर ते न्यायालयात चालू शकतं.

काका म्हणाले, “मग टीव्हीवर दाखवतात ते?” तेवढ्यात काकूंनी चहा आणला.