महिलांची ऑल-माउंटन स्की : आधी लांबी घटली, मग रंग बदलला, घडण सर्वांत शेवटी

स्कीच्या दुकानात आज महिलांसाठी वेगळा कप्पा असतो आणि त्यात ‘ऑल-माउंटन’ स्कींची गर्दी सर्वांत जास्त. यंत्राने दाबून घट्ट केलेला उतार, झाडी, दुपारपर्यंत उकरून खडबडीत झालेला बर्फ आणि रात्रीत पडलेला गुडघाभर भुसभुशीत बर्फ, म्हणजे पावडर, या सगळ्यावर एकाच जोडीने निभावून न्यायचं, असा तिचा दावा. स्कीवर छापलेले आकडे मात्र नवख्या बाईला कोड्यात टाकतात. लांबी १६४ सेंटिमीटर, रुंदी १३०-९२-११२ मिलिमीटर, वळणाची त्रिज्या १५ मीटर. यातला प्रत्येक आकडा वेगळ्या काळात, वेगळ्या अडचणीतून आलेला आहे. आणि त्या अडचणी सोडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा बाई नव्हतीच.

रुंदीच्या तीन आकड्यांत मधला सर्वांत लहान असतो. टोक रुंद, पावलाखाली कंबर बारीक, शेपूट पुन्हा थोडी रुंद. ही कंबर नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातली. मोरगेदालच्या सोंद्रे नुरहाइमने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अशा कमरेच्या, आखूड स्की वापरल्या आणि टाच जागेवर राहावी म्हणून पिळलेल्या फांद्यांचा बंद टाचेमागून घेतला. १८६८ मध्ये ख्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ओस्लोच्या, स्पर्धेत त्याने राजधानीला जे करून दाखवलं त्यातून आधुनिक स्कीइंग सुरू झालं असं मानतात. बायका तेव्हाही बर्फावर होत्या. १८६२ मध्ये नॉर्वेतल्याच त्रिसिल इथे इंग्रिद वेस्टबी हिने स्कीवरून उडी मारल्याची नोंद आहे. स्पर्धेची दारं त्यांना सावकाश उघडली : १९३१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या म्युरेन इथल्या पहिल्या अल्पाइन (म्हणजे डोंगर उतरण्याच्या) जागतिक स्पर्धेत महिलांच्या शर्यती होत्या, तिथे ब्रिटनच्या एस्मे मॅकिननने डाउनहिल (वेगाने उतार उतरण्याची शर्यत) आणि स्लॅलम (खांबांमधून नागमोडी उतरण्याची शर्यत) दोन्ही जिंकल्या. १९३६ च्या गार्मिश-पार्टेनकिर्खेन ऑलिम्पिकमध्ये जर्मनीच्या क्रिस्ट्ल क्रान्त्सने सुवर्ण घेतलं.

या साऱ्याजणींच्या पायाखाली लाकूड होतं, ॲश किंवा हिकरीचं. लांबी ठरवायची रीत सोपी होती : हात वर करा, स्कीचं टोक मनगटापर्यंत आलं पाहिजे. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईच्या वाट्याला या हिशेबाने तिच्या उंचीहून बरीच लांब स्की येई. तिचं वजन ५५ किलो की ८५, याचा विचार त्या रीतीत कुठेच नव्हता, आणि स्कीला खरा फरक पडतो तो वजनाने.

१९२६ मध्ये ऑस्ट्रियाच्या रुडोल्फ लेटनरने पोलादी कडांचं पेटंट घेतलं आणि कडक बर्फावर स्की धरू लागली. पुढची मोठी उडी अमेरिकेतली. हॉवर्ड हेड हा विमान कारखान्यातला अभियंता. विमानात धातूच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये हलका गाभा दाबून चिकटवतात, तसंच स्कीचं का करू नये, असं त्याला वाटलं. १९४७ च्या हिवाळ्यात त्याने सहा जोड्या बनवून व्हरमाँटमधल्या स्टो इथे नेल्या. तिथल्या प्रशिक्षकांनी वाकवून पाहिल्या आणि सगळ्या मोडल्या. तो परत गेला, बदल करून पुन्हा आला, पुन्हा मोडल्या. असं काही हिवाळे चाललं आणि १९५० मध्ये ‘हेड स्टँडर्ड’ बाजारात आली : बाहेर ॲल्युमिनिअम, आत प्लायवूड, खाली सलग पोलादी कड. ती लाकडापेक्षा सहज वळायची. १९६० च्या स्क्वॉ व्हॅली ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सच्या झाँ व्ह्युआर्नेने धातूच्या रोसिन्योल स्कीवर डाउनहिल जिंकली आणि शर्यतीतलं लाकूड मागे पडलं. मग फायबरग्लास आलं. या वेगाच्या काळात बायकांच्या पदरात काय पडलं? कपडे. मारिया बोग्नरने १९५२ मध्ये ताणल्या जाणाऱ्या कापडाची स्की-पँट आणली आणि ती जगभर गाजली. बाईच्या मापाचा विचार आधी शिंप्याने केला, स्की बनवणारा कित्येक वर्षांनी जागा झाला.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत ‘लेडीज’ शिक्का असलेल्या स्की दिसू लागल्या. बहुतेकींची कृती एकच : पुरुषांची स्की घ्या, दहा सेंटिमीटर कापा, आतला धातू काढा, फिका गुलाबी रंग द्या. धातू काढल्यावर स्की हलकी आणि मऊ होते, नवशिक्या बाईला ती आवडतेही. पण जरा वेग वाढला, बर्फ टणक लागला की टोक फडफडतं, कड सुटते. चांगलं स्कीइंग करणाऱ्या बाईपुढे मग दोनच वाटा उरायच्या : या लुळ्या स्कीवर समाधान माना, नाहीतर पुरुषांची दांडगी स्की घेऊन मांड्या पेटेस्तोवर झगडा. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत मोठा अन्याय तो गुलाबी रंग नव्हे. ‘महिलांसाठी’ म्हणजे ‘नवशिक्यांसाठी’ हे समीकरण हा खरा अन्याय, आणि ते अजून पुरतं पुसलेलं नाही.

त्या समीकरणाला अंगाने तपासून पाहणारी बाई म्हणजे अमेरिकेची जीनी थोरेन. तिचं म्हणणं असं की बायकांच्या शरीराचा भारमध्य पुरुषांच्या तुलनेत खाली आणि थोडा मागे असतो, कंबरेचं हाड रुंद, पोटरीचा स्नायू खालपर्यंत उतरलेला. बूट मात्र पुरुषी पोटरीच्या मापाचा. तो पोटरीला मागून ढकलतो, बाई नकळत मागे बसते आणि स्कीचं टोक सैल पडतं. सैल टोक वळायला तयार होत नाही. प्रशिक्षक ओरडतो, ‘पुढे झुका!’ आणि तिला वाटतं आपल्यातच धमक नाही. थोरेनचे उपाय घरगुती म्हणावेत इतके साधे होते : बूट जिथे अडकतो ते बाइंडिंग सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पुढे सरकवा, टाचेखाली पाचर घाला. ती गाडीत सामान भरून ठिकठिकाणी जायची आणि बायकांना प्रत्यक्ष उतारावर फरक दाखवायची. सगळ्याच बाया एका मापाच्या नसतात, म्हणून या सिद्धांताला सरसकट नियम मानणं मला पटत नाही. पण आज महिलांच्या बऱ्याच स्कींवर बाइंडिंगची खूण थोडी पुढे असते आणि महिलांच्या बुटांचा गळा बुटका, मागे पसरट असतो, तो याच विचाराचा परिणाम.

खरी उलथापालथ मात्र महिलांचा विषय डोक्यात न घेता झाली. स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीत युरी फ्रांको आणि पावेल श्कोफिच यांनी स्कीची कंबर धीटपणे आत घेतली आणि १९९३ च्या सुमारास ‘एससीएक्स’ आणली. तोवरच्या स्कीला कंबर होती नावापुरती, बाजूने जेमतेम काही मिलिमीटर. तशी स्की कडेवर ठेवली तर चाळीस-पन्नास मीटर त्रिज्येचं वळण घेई, म्हणजे अरुंद उतारावर तिला घसटत, ढकलतच वळवावं लागे. एससीएक्सची कंबर वीस मिलिमीटरहून जास्त आत होती. ती नुसती तिरकी केली की उरलेलं काम कमरेचा आकार करायचा. वळणाची त्रिज्या हा आकडा स्कीवर ठळक छापला जाऊ लागला तो या बदलानंतर.

हलक्या माणसाला याचा सर्वांत जास्त फायदा झाला. जुनी स्की कमानीत वाकवायची तर वर भार हवा. ५५ किलोच्या बाईने कितीही कसब दाखवलं तरी कडक, लांब स्की सरळच राहायची. खोल कमरेची स्की कमी जोरात वाकते, आणि तिची लांबी कमी करूनही ती कड धरते. दहाएक वर्षांत मनगटाची रीत बाद झाली. हनुवटी ते डोक्याचा माथा यांच्या दरम्यान कुठेतरी, ही आजची रीत.

ऑल-माउंटनची दुसरी बाजू पावडरची. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या बुगाबू डोंगरांत हान्स ग्मोझरने १९६५ मध्ये हेलिकॉप्टरने लोकांना शिखरावर नेऊन सोडायला सुरुवात केली. बर्फ स्वप्नातल्यासारखा, पायात मात्र सत्तर मिलिमीटरच्या आतबाहेरच्या, दोन मीटर लांबीच्या स्की. त्या बुडायच्या. त्यांवर तरंगायला कसब लागे, दमही. १९८८ च्या सुमारास ॲटॉमिक कंपनीच्या रुपर्ट हूबरने स्नोबोर्डकडे, म्हणजे दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर ठेवून घसरण्याच्या साधनाकडे, पाहून दुप्पट म्हणावी अशी रुंद स्की काढली, ‘पावडर मॅजिक’. पट्टीच्या खेळाडूंनी तिची टर उडवली, ही लबाडीची स्की म्हणून. हेलिकॉप्टरने जाणाऱ्या थकलेल्या, वयस्क किंवा कच्च्या पाहुण्यांना ती दिली जाई, आणि हेच पाहुणे दिवसाच्या शेवटी ताजेतवाने असत. टर फार टिकली नाही.

यानंतर स्कीपटू शेन मॅकॉन्की. पाण्यावरच्या स्की पाहून त्याच्या लक्षात आलं की खोल बर्फ हा पाण्यासारखाच वागतो, तर मग टोक आणि शेपूट वर उचललेली का नसावी? पारंपरिक स्की जमिनीवर ठेवली तर मध्यभागी बाकदार उचललेली असते आणि दोन्ही टोकं टेकतात. त्याने तो बाक उलटा केला आणि कंबरही उलटी, म्हणजे मध्ये फुगीर. २००२ मध्ये आलेली व्होलांट कंपनीची ‘स्पॅट्युला’ ती हीच. कडक बर्फावर ती जवळजवळ निरुपयोगी, पावडरमध्ये अद्‌भुत. मॅकॉन्की २००९ मध्ये इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांत स्की-बेसजंप (स्कीवरून कड्याबाहेर झेप घेऊन पॅराशूटने उतरणं) करताना गेला, पण तोवर त्याची कल्पना कारखान्यांनी पाण्यात मिसळावी तशी पातळ करून उचलली होती : पायाखाली जुना बाक, फक्त टोक आणि थोडी शेपूट हलकेच वर. हाच आजचा रॉकर. नुरहाइमची कंबर, एलानची खोली, हूबरची रुंदी आणि मॅकॉन्कीचं उचललेलं टोक यांची तडजोड म्हणजे ऑल-माउंटन स्की.

आता महिलांच्या कप्प्याकडे परत येऊ. १९९१ मध्ये अलास्कातल्या व्हाल्डेझच्या पहिल्या एक्स्ट्रीम, म्हणजे अतिउभ्या उतारांवरच्या, स्पर्धेत किम राइकहेल्म महिलांत जिंकली. अशा बायकांना मऊ, कापलेली स्की देऊन चालणार नव्हतं, आणि त्या गप्पही बसणाऱ्या नव्हत्या. नवं शतक उजाडताना के-टू कंपनीने महिलांची स्वतंत्र मालिका काढली, जिच्या घडणीत स्त्री-स्कीपटूंचं म्हणणं ऐकलं गेलं. हेड कंपनीने पुढे ‘जॉय’ मालिका आणली. ब्लिझार्ड कंपनीची ‘ब्लॅक पर्ल’ २०१० नंतरच्या दशकात अमेरिकेत इतकी खपली की ती महिलांच्या कप्प्याबाहेरही चर्चेचा विषय झाली. सुरुवातीला ती पुरुषांच्या मॉडेलची बहीणच होती. नंतर कंपनीने प्रत्येक लांबीसाठी गाभ्यातल्या जड आणि हलक्या लाकडी पट्ट्यांची मांडणी वेगळी केली. माझ्या दृष्टीने रंगरूपापेक्षा ही गोष्ट फार मोठी. १५२ सेंटिमीटरची स्की घेणारी आणि १७६ ची घेणारी यांच्या वजनात मोठं अंतर असतं, त्यांना सारखाच कडकपणा देणं चूकच होतं. दरम्यान काढून टाकलेला धातूही परतला, पातळ किंवा अर्धवट पट्टीच्या रूपात. (याचं नाव टायटॅनल. टायटॅनिअमशी संबंध नावापुरता, ते ॲल्युमिनिअमचं मिश्रधातू आहे.)

याच काळात अमेरिकेची शर्यतपटू लिंडसे व्हॉन हिने उलटी चाल खेळली. २००९ मध्ये हेडकडे आल्यावर तिने शर्यतीत पुरुषांच्या स्की घेतल्या आणि जिंकत राहिली. तिच्याइतकी ताकद किती जणींकडे असते हा प्रश्न वेगळा, पण शिक्का आणि कुवत यांचा संबंध किती सैल आहे ते यातून दिसलं.

निवड करताना या इतिहासाचा उपयोग होतो, विशेषतः कमरेच्या आकड्याबाबत. सल्ले बहुधा पुरुषाच्या वजनावर बेतलेले असतात : ‘पावडर हवी तर शंभरच्या वर घ्या.’ पण तरंगणं अवलंबून असतं स्कीचा पृष्ठभाग आणि वर उभ्या माणसाचं वजन यांच्या प्रमाणावर. ५५ किलोच्या बाईला ९२ ते ९६ मिलिमीटरवर जे तरंगणं मिळतं, त्यासाठी ८० किलोच्या पुरुषाला बरंच रुंद जावं लागतं. त्यामुळे मिश्र उतारांवर फिरणाऱ्या आणि वर्षातून काही दिवसच पावडर लाभणाऱ्या बाईने ८८ ते ९६ मध्ये शोधावं. निम्माअधिक वेळ ताज्या बर्फात जात असेल तर ९८ ते १०४. त्याहून रुंद स्की टणक बर्फावर कडेवर यायला वेळ घेते, आणि तो जोर गुडघ्यातून द्यावा लागतो. हौशी स्कीइंगमध्ये गुडघ्याचा एसीएल अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण बायकांत पुरुषांपेक्षा दुपटीहून जास्त असल्याचं दीर्घकाळ नोंदलं गेलं आहे, तेव्हा ही बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पडताना बूट मोकळा व्हावा म्हणून बाइंडिंग किती जोरावर सुटेल तो आकडाही प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच लावून घ्यावा. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमची शैली यांवरून ठरतो. इथे स्वतःला उगाच पट्टीची खेळाडू म्हणवून घेऊ नये.

लांबीत मात्र बायका अजूनही एक पायरी खाली उतरतात, कारण दुकानदार तसं सुचवतो. रॉकर असलेल्या स्कीचा काही भाग बर्फाला टेकतच नाही, म्हणून ती हातात वाटते त्यापेक्षा पायात आखूड लागते. मध्यम कसबाची बाई नाकापर्यंत, चांगली खेळणारी डोक्यापर्यंत किंवा किंचित वर जायला हरकत नाही. कडकपणा पाहायचा तर छापील वर्णन सोडा, टोक एका हातात धरून मधोमध दाब देऊन पाहा. पुरुषांच्या त्याच मॉडेलशी तुलना करा. आता तर काही कंपन्या एकच स्की दोन रंगांत, दोन नावांनी विकतात. तसं असेल तर आपल्या लांबीची जी स्वस्त मिळेल ती घ्यावी. आणि शक्य असेल तर भोकं पाडून बाइंडिंग कायमचं बसवण्याआधी रुळावर पुढे-मागे सरकणारं बाइंडिंग लावलेली चाचणी-जोडी एक दिवस भाड्याने घ्यावी : सकाळी कारखान्याच्या खुणेवर, दुपारी एक सेंटिमीटर पुढे.