डेंटलला फिजिक्स लागत नाही?

म्हापसा-फोंड्याकडे बारावीच्या मुलांना अजून सांगितलं जातं: डेंटलची परीक्षा वेगळी, सोपी, फिजिक्स सोडलं तरी चालतं. साफ चुकीचं. बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात बीडीएस करायचं तरी एमबीबीएसवाल्यांचीच 'नीट' परीक्षा द्यावी लागते. जीसीईटी, म्हणजे गोव्याची स्वतःची प्रवेश परीक्षा, त्यासाठी नाही.

नीटच्या ७२० गुणांत बायोलॉजीचे ३६०, म्हणून हा समज टिकला असावा. पण फिजिक्सचे १८० सोडून कसं चालेल? बरोबर उत्तराला ४, चुकलं तर १ वजा. लेन्सच्या गणितात नाभीय अंतराचं चिन्ह उलटं धरलं, की थेट पाच गुणांचा फटका! पोरांनो, कळकळीनं सांगते, अशी गणितं नुसती वाचू नका. रोज वहीत चिन्हांसकट शेवटपर्यंत सोडवा.