शर्टावर लाटा, पदरात रामकुंड

गेल्या पावसाळ्यात गंगापूर रोडवरच्या घरात बसून बारावीच्या मुलांसाठी तरंगांवरचा एक तास रेकॉर्ड केला. अंगात नवाकोरा शर्ट, बारीक निळ्या रेघांचा, कडक इस्त्रीचा. संध्याकाळी व्हिडिओ लावला तर मी श्वास घेतला की छातीवरून लाटा सरकत होत्या, आणि त्यांना तांबूस-हिरवट किनार. लेक म्हणाली, "बाबा, फळ्यावरचे तरंग कुणी बघणारच नाही."

शर्टात काही खोट नव्हती. मच्छरदाणीचे दोन थर एकावर एक धरून उजेडाकडे बघा. दोन्ही जाळ्या सरळ विणलेल्या असतात, पण मिळून एक भलतीच रुंद नक्षी उमटते. एक थर केसभर हलवला की नक्षी बोटभर सरकते. कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या इवल्या घरांची पाटी, हीसुद्धा एक जाळीच आहे. माझा शर्ट ही दुसरी. या नक्षीला मुआरे म्हणतात. फ्रेंचांनी हा शब्द पाण्यासारखी लहर दिसणाऱ्या रेशमासाठी वापरला होता.

मग पट्टी घेऊन बसलो. फ्रेममध्ये मावत होती साधारण एक मीटर रुंदी, आणि व्हिडिओ १९२० पिक्सेलचा. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला अर्धा मिलिमीटर कापड. एक गडद आणि एक फिकी अशी रेघांची जोडी ओळखायला निदान दोन पिक्सेल लागतात, म्हणजे जोडी एक मिलिमीटरपेक्षा रुंद हवी. माझ्या शर्टावर एका सेंटिमीटरमध्ये अशा बारा जोड्या भरल्या, म्हणजे जोडी मिलिमीटरपेक्षा बारीक. मोजणी चुकली की कॅमेरा रेघा गाळत नाही, नसलेल्या रेघा रचतो, ही खरी गंमत.

आणि ती रंगीत किनार? सेन्सरच्या प्रत्येक घरावर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाची इवलीशी काच असते. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. चार घरांत दोन हिरवी, एक लाल, एक निळं. लाल आणि निळी घरं एकआड एक, त्यामुळे त्यांची मोजणी जास्त भरड आणि चुकते तीही आधी. शर्टात फक्त निळा आणि पांढरा असताना तांबूस छटा आली ती इथून. रेघा हव्याच असतील तर बोटभर रुंद घ्या. अगदी बारीक चौकडी आणि हाउंडस्टूथच्या, म्हणजे दातेरी तुटक चौकडीच्या, कोटाचीही हीच गत.

बायरच्या त्या दोन हिरव्या घरांचा फटका माझ्या मामेबहिणीला बसला. ती येवल्याची, लाइव्ह येऊन पैठण्या विकते. मागे हिरवा पडदा लावून त्या जागी गोदाघाटाचा फोटो टाकायची हौस तिला आली. पडदा हिरवा का, तर आपल्या त्वचेत हिरवा रंग कमी असतो आणि सेन्सर हिरव्यातच सगळ्यात जास्त तपशील टिपतो; त्यामुळे माणूस कुठे संपतो आणि पडदा कुठे सुरू होतो ते नीट कळतं. पण सॉफ्टवेअरला पडदा आणि साडी यांतला फरक ठाऊक नसतो, त्याला फक्त हिरवं कळतं. बाईसाहेब नेसल्या होत्या पोपटी. खांद्यावरचा पदर गायब, आणि त्या जागी रामकुंडाच्या पायऱ्या. तिचा फोन आला, "दादा, हे काय झालं रे? लोक विचारतायत आंघोळ कधी!"

लाल रंगाचं दुखणं निराळं. व्हिडिओ साठवताना उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, रंगाची मात्र बहुधा चार पिक्सेलना मिळून एकच. डोळ्याला उजेडातला बारकावा जास्त कळतो, रंगातला कमी, म्हणून ही काटकसर खपून जाते. पण एचडी व्हिडिओच्या हिशोबात उजेडातला लालचा वाटा जेमतेम २१ टक्के, हिरव्याचा ७२. लाल पैठणीवर राणी रंगाचा बुट्टा असेल तर दोघांतला फरक मुख्यतः रंगाचाच, आणि काटकसर झालेली असते नेमकी रंगात. बुट्टा लालात विरघळतो. तोच बुट्टा जरीचा असेल तर उठून दिसतो.

कॅमेऱ्याचं आणि लालचं वाकडं तसं जुनंच. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ मध्ये मुंबईहून नाशकात येऊन चित्रपट काढू लागले, तेव्हाची फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल काळपट उमटे, निळा फिका. त्या दिवसांत कपडेपटात उभं राहून पातळ निवडणं काय डोक्याला ताप असेल! डोळ्याला दिसतं त्यावर भरवसाच नाही.

पांढऱ्या झब्ब्याचा तोटा बऱ्याच जणांना माहीत असतो. कॅमेरा चित्राची सरासरी मध्यम करड्याकडे ओढतो, पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परतवणाऱ्या करड्याकडे. समोर पांढरंशुभ्र कापड जास्त आलं की तो उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. काळ्या कुर्त्याने उलट होतं, चेहरा पिठासारखा. आताचे फोन चेहरा ओळखून त्याला सांभाळतात, मग झब्ब्याच्या चुण्या पार पुसल्या जातात. मोतिया, राखाडी किंवा चिंतामणी नेसलात तर ही भानगडच उरत नाही.

जरीबद्दल मात्र मी बहिणीशी भांडलो. एचडी व्हिडिओचा कच्चा माल सेकंदाला दीड अब्ज बिट, म्हणजे माहितीचे सगळ्यात लहान तुकडे, भरतो. लाइव्ह जाताना त्यातले पन्नासेक लाखच पुढे जातात, म्हणजे तीनशेतला एक भाग. हे जमतं कारण प्रत्येक फ्रेम नव्याने न पाठवता आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच पाठवतात. साधी सुती साडी बदलत नाही, तिचा खर्च नाही. भरजरी पदर मात्र मान हलली तरी शंभर ठिकाणी चमकतो, आणि प्रत्येक चमक म्हणजे बदल. ठरलेले बिट जरीवर उधळले की चेहऱ्याचे चौकोनी ठोकळे होतात. येवल्यात संध्याकाळी नेटवर्क मंदावलं की हे लख्ख दिसायचं.

"मग विकू काय, चेहरा?" ती म्हणाली. मुद्दा बरोबर होता. तोडगा असा निघाला, की पैठणी टेबलावर पसरायची, एका हाताने सावकाश उलगडायची, आणि आपण नेसायची बिनकाठाची राखाडी सुती. माइक पदराला नाही, ब्लाउजच्या गळ्याला. मंगळसूत्र आत, नाहीतर दर वाक्याला टिकटिक.

परवाच्या लाइव्हला टेबलावर मुनिया काठाची जांभळी होती. प्रत्येक राघू वेगळा दिसत होता, चोचीसकट. दुसऱ्याच मिनिटाला पहिला प्रश्न आला, "ताई, तुम्ही नेसलीय ती राखाडी केवढ्याला?"