उभा घोडा, धावता घोडा

कसलेल्या, निरोगी घोड्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की नवखा माणूस दचकतो. मिनिटाला जेमतेम तीस-पस्तीस ठोके आणि मध्येच एखादा गायब. माणसाचं हृदय असं वागलं तर डॉक्टर लगेच ईसीजी काढायला लावतील. अनुभवी पशुवैद्य मात्र घोड्याला जरा दुडक्या चालीनं पळवून आणायला सांगतो. घोडा परत येतो तेव्हा ठोके नेमाने पडत असतात.

ठोका गळतो तो व्हेगस या मज्जातंतूमुळे. घोड्याच्या हृदयाचं वजन शरीराच्या सुमारे एक टक्का, म्हणजे पाचशे किलोच्या घोड्यात चार-पाच किलो. एवढा मोठा पंप विश्रांतीत पूर्ण ताकदीनं चालवायची गरजच नसते. मग व्हेगस वरच्या कप्प्यांकडून खाली येणारा विजेचा संदेश अधूनमधून अडवून ठेवतो. घोडा चौखूर सुटला की हा लगाम सुटतो आणि ठोके मिनिटाला 220 च्याही वर जातात. त्याच वेळी प्लीहा आकुंचन पावून साठवलेल्या लाल पेशी रक्तात सोडते. त्यामुळे रक्तातला पेशींचा वाटा विश्रांतीत चाळीस टक्क्यांच्या आसपास असला, तर शर्यतीत तो साठच्या पुढे जातो. अर्थात, धावणाऱ्या घोड्याचं रक्तसुद्धा उभ्या घोड्यापेक्षा वेगळं असतं.

म्हणूनच उभ्या घोड्याला तपासून धावत्या घोड्याबद्दल बोलणं धोक्याचं. घोड्यांच्या आजारांवरचं अलीकडचं बरंचसं संशोधन मला तरी याच अडचणीशी झगडताना दिसतं.

एट्रियल फिब्रिलेशनचंच पाहा. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. घोड्याची कामगिरी खालावणाऱ्या हृदयविकारांत हा सर्वांत जास्त आढळतो. कप्पे मोठे आणि व्हेगसचा जोर जास्त, म्हणजे जी शरीररचना घोड्याला वेग देते तीच हा विकारही देते. असा घोडा तबेल्यात अगदी ठणठणीत वाटू शकतो, ठोक्यांची गतीही कधी कधी नेहमीचीच असते. मात्र पळताना तो अचानक मागे पडतो. काहींना तर शर्यतीतच झटका येतो आणि एक-दोन दिवसांत आपोआप ओसरतो. पशुवैद्य पोहोचेपर्यंत पुरावाच नाहीसा! म्हणून आता पट्ट्याखाली इलेक्ट्रोड बसवून घोडा पळत असतानाच ईसीजी नोंदवतात. विकार टिकून राहिला तर क्विनिडिन हे जुनं औषध आहे, नाहीतर मानेतल्या शिरेतून तारा हृदयापर्यंत नेऊन भूल दिलेल्या घोड्याला विजेचा झटका देतात.

घोड्याच्या रक्ताभिसरणाची मोजमापं तशी जुनीच. इंग्लंडमधले धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत नळी बसवून काचेच्या नळीत रक्त किती चढतं ते पाहिलं आणि 1733 साली ते प्रसिद्ध केलं. रक्त आठ फुटांहून वर चढलं होतं. रक्तदाबाचं हे पहिलं थेट मोजमाप. पण ती घोडी बांधून पाडलेली होती, साहजिकच घाबरलेली. शांत घोड्यात रक्त एवढं चढत नाही.

मज्जातंतूंची गंमत आणखी निराळी. स्वरयंत्राची डावी बाजू उघडणारा तंतू मेंदूकडून निघून मानेतून थेट छातीत उतरतो, महाधमनीला वळसा घालतो आणि पुन्हा वर घशाकडे येतो. उजव्या बाजूचा वळसा बराच आखूड असतो. उंच, लांब मानेच्या घोड्यांत डाव्या तंतूचं टोक झिजत जातं, स्नायू बारीक होतो आणि श्वासमार्ग पुरेसा उघडत नाही. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, भरधाव पळताना प्रत्येक झेपेमागे त्याला एकच श्वास मिळतो. त्यामुळे इथली थोडीशी अडचणही महागात पडते, आणि धावताना घरघर ऐकू येते. उभ्या घोड्याच्या नाकातून दुर्बीण घातली तर अर्धवट दुबळेपणा कित्येकदा कळत नाही. आता एंडोस्कोप लगामालाच जोडून घोडा पळवतात आणि घसा चालू असताना पाहतात. शस्त्रक्रियेत डावी कूर्चा टाक्यानं कायमची उघडी बांधून ठेवतात. मार्ग मोकळा होतो, पण अन्नाचे कण श्वासनलिकेत जाऊन खोकला लागू शकतो.

पाठीच्या बाबतीत एक्स-रेच फसवतो. मणक्यांची वरची टोकं एकमेकांना टेकलेली दिसतात, पण असं चित्र असलेले अनेक घोडे काहीही तक्रार न करता काम करत असतात. म्हणून तिथे बधिर करणारं इंजेक्शन देऊन चाल सुधारते का, हे पाहावं लागतं.

सर्वांत मोठा धडा मात्र चयापचयानं दिला. लठ्ठ तट्टूची उपाशीपोटी रक्तशर्करा तपासली तर ती बहुधा ठीकच येते. माणसासारखा टाइप 2 मधुमेह घोड्याला क्वचितच होतो, कारण त्याचं स्वादुपिंड भरमसाट इन्शुलिन ओतून साखर आटोक्यात ठेवतं. आणि त्रास देतं ते हे इन्शुलिनच! ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2007 मध्ये निरोगी तट्टूंना इन्शुलिन देत ठेवलं, साखर मात्र मुद्दाम नेहमीच्या पातळीवर राखली. तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. या आजारात खुराची भिंत आणि आतलं हाड यांना जोडणाऱ्या शेकडो पातळ पदरांची पकड सुटते. पुढे हाड खुरात फिरतं आणि घोड्याला पाऊल टाकवत नाही. म्हणजे इथेही शरीराला काहीतरी करायला लावूनच तपासायला हवं. म्हणून साखरेचा पाक पाजतात आणि तासाभरानंतर रक्तातलं इन्शुलिन मोजतात.

उपाय ऐकायला सोपे आहेत. चराई कमी करायची, वाळलेलं गवत भिजवून त्यातली साखर काढायची, खूर दुखत नसतील तर फिरवायचं. पण घाईनं वजन उतरवायला तट्टूला उपाशी ठेवलं, तर शरीरातली चरबी रक्तात उतरून जिवावर बेतू शकतं. माणसांच्या मधुमेहावरची, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधं अलीकडे घोड्यांना देऊन पाहिली जात आहेत. त्यांनी इन्शुलिन झपाट्यानं उतरतं, पण रक्तातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे चरबी, वाढतात. त्यामुळे औषध सुरू केलं की पशुवैद्य रक्ततपासणीचा पुढचा दिवसही ठरवून ठेवतात.