फाइंड (डॉस कमांड)

फाइंड ही एमएस-डॉस आणि पीसी-डॉस या कार्यप्रणालींमध्ये फाइलींतील मजकूर शोधण्यासाठी असलेली कमांड आहे. १९८३ मध्ये आलेल्या डॉसच्या २.० आवृत्तीत सॉर्ट (ओळी क्रमाने लावणारी) आणि मोअर (मजकूर पडदाभर थांबत दाखवणारी) या कमांडांबरोबर ती दाखल झाली. या तिघींना फिल्टर म्हणतात. एकीकडून मजकूर घ्यायचा आणि गाळून दुसरीकडे सोडायचा, ही कल्पना युनिक्स या त्याआधीच्या कार्यप्रणालीवरून आलेली आहे. फाइंड.एक्सई ही स्वतंत्र फाइल असल्याने, फ्लॉपीवर चालणाऱ्या संगणकात ती असलेली डिस्क ड्राइव्हमध्ये घालावी लागे.

शोधायचा मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत द्यावा लागतो. फाइंड /एन "डिव्हाइस" कॉन्फिग.एसवायएस अशी कमांड दिली (कॉन्फिग.एसवायएस ही डॉस सुरू होताना वाचली जाणारी फाइल) की आधी दहा आडव्या रेघा व फाइलीचे नाव उमटते आणि त्याखाली तो शब्द असलेल्या ओळी, प्रत्येकीचा क्रमांक चौकटी कंसात घेऊन, दिसतात. शब्द कोठे सुरू होतो व कोठे संपतो याची जाण कमांडला नसल्याने ‘डिव्हाइसहाय’ने सुरू होणाऱ्या ओळीही या यादीत येतात. /व्ही ने शब्द नसलेल्या ओळी मिळतात. /सी ने फक्त संख्या मिळते, परंतु ती ओळींची असते, एका ओळीत शब्द तीनदा आला तरी ती एकच मोजली जाते. मोठ्या व लहान लिपीतील अक्षरे सारखी मानणारा /आय मात्र १९९१ च्या ५.० आवृत्तीत आला. तोवर प्रत्येक रूप वेगळे शोधणे भाग होते.

सर्वांत मोठी अडचण म्हणजे फाइंडला तारांकित नावे, म्हणजे * वापरून अनेक फाइली एकदम दर्शवणारी नावे, चालत नाहीत. त्यामुळे अनेक फाइली चाळण्यासाठी फॉर %एफ इन (*.टीएक्सटी) डू फाइंड "मजकूर" %एफ असे लिहावे लागते आणि बॅच फाइलीत (ओळीने चालवायच्या कमांडांच्या फाइलीत) टक्केचिन्ह दोनदा द्यावे लागते. शब्द न सापडलेल्या फाइलींची नावेही पडद्यावरून सरकत जात असल्याने हाती लागलेली ओळ गर्दीत हरवण्याचा संभव असतो.

डीआयआर | फाइंड "<डीआयआर>" असे, म्हणजे फाइलींची यादी देणारी डीआयआर | या चिन्हाने फाइंडला, जोडल्यास यादीतून केवळ डिरेक्टऱ्या उरतात. डॉस एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवत असल्याने पहिल्या कमांडचा सगळा मजकूर आधी तात्पुरत्या फाइलीत साठतो आणि मगच फाइंडला मिळतो. लेखनसंरक्षित फ्लॉपीवर ही जोडणी फसण्याचे कारण तेच.

फाइंड बाइट (अक्षर साठवणारे आठ बिटांचे गट) जुळवते, अर्थ नव्हे. वर्डस्टार या लेखन-प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्या दस्तऐवजात शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट बदलून ठेवत, म्हणून डोळ्यांना दिसणारा शब्द फाइंडला सापडत नसे. शेवटचे अक्षर गाळून दिले की मात्र तोच शब्द निघे. ज्यांना याहून अधिक हवे होते ते नॉर्टन युटिलिटीज या साधनसंचातील टेक्स्ट सर्च किंवा टर्बो सी या प्रोग्रॅमिंगच्या साधनाबरोबर येणारे ग्रेप हे शोधसाधन वापरत. फाइंडस्टर ही अधिक समर्थ कमांड विंडोज एनटीच्या घराण्यातील असून एमएस-डॉसमध्ये ती नव्हती.